झग्याचं कार्ड

ग्रंथपालबाई तीन वर्षं दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर फाशांचा, जादूच्या राज्याचा खेळ चालवत होत्या. आज त्यातला ड्रॅगन एकदाचा कोसळला. त्यांचा धाकटा भाऊ खुर्चीवर चढून नाचला, वहिनीने मूठभर फासे हवेत उधळले आणि शेजारचे पोस्टमन तर चक्क रडले.

"ताई, फत्ते!" भाऊ ओरडला.

बाईंची शिस्त कडक. जादूच्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, आणि खेळ संपला की ते त्यांच्या हातात परत. तलवार आली, शिंग आलं, अंगठी आली. चौथं कार्ड रिकाम्या खुर्चीपुढे पडलं होतं. अक्षर त्यांचंच.

'झगा. अंगावर घेणारा कोणाला दिसत नाही, कोणाला आठवतही नाही.'

किती वेळ, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं.

"शेवटचा घाव कोणी घातला रे?"

भावाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने पोस्टमनकडे. "जाऊ द्या हो," पोस्टमन डोळे पुसत म्हणाले, "जिंकलो ना!"

रिकाम्या खुर्चीवर दोन उशा रचल्या होत्या, बसणाऱ्याचे हात टेबलापर्यंत पुरावेत अशा. बाईंना मूलबाळ नव्हतं. उशा कोणी ठेवल्या, ते काही केल्या आठवेना.

पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. तिघांच्या टाळ्या बाईंनी ओळखल्या. चौथ्या, चिमुकल्या हातांच्या टाळ्या अगदी त्यांच्या कुशीतून येत होत्या.

"आई, ड्रॅगन मीच मारला! बघ ना माझ्याकडे!"