जड स्टिअरिंग

"अजून जडच आहे," छगन म्हणाला आणि त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं.

ड्रायव्हर योगेंद्रनं घड्याळ बघितलं. सोमवारपासून तो सुरतेतल्या लिंबायतच्या या गॅरेजमधल्या बाकावर बसून होता. गाडी एका संस्थेची. चारही चाकांना जोर असलेली मोठी व्हॅन, आत तपासणीचं टेबल आणि औषधांची कपाटं. दर गुरुवारी ती डांगातल्या पाड्यांवर जायची. तिथल्या पोटुशी बायका रस्त्याच्या कडेला तिची वाट बघत बसत. आज बुधवार होता.

गाडी आली तेव्हा स्टिअरिंग जड असल्याची तक्रार खरी होती. ते हलकं करणाऱ्या पंपाचा पट्टा सैल पडला होता, तेलही कमी होतं. छगननं पट्टा बदलला, तेल भरलं. योगेंद्र गोडादऱ्यापर्यंत एक चक्कर मारून आला.

"मस्त झालं, काका. निघू ना?"

"उतर, बघू दे मला."

छगननं बसून स्टिअरिंग फिरवलं. अर्ध्यावर येताच खांदे भरून आले.

"ही मस्त? घाटात वळणावर गाडी वळली नाही तर काय करशील?"

"मला तर हलकी वाटली," योगेंद्र पुटपुटला.

"तुला घरी जायची घाई झालीय."

एकतीस वर्षांपूर्वी पारोळ्याहून आलेला छगन आधी कापडाच्या लूमवर लागला, मग गाड्यांकडे वळला. मीटर लावून बघणं त्याला कधी पटलं नाही. गाडीला काय झालंय ते हाताला कळतं, असं तो म्हणायचा, आणि आजवर हातानं त्याला दगा दिला नव्हता. सुरतभरचे ड्रायव्हर त्यासाठीच तर त्याच्याकडे यायचे.

मंगळवारी त्यानं पंपच बदलला. नवा पंप कतारगामच्या ललितभाईकडून आणला. बसवताना पाना दोनदा हातातून सुटून गाडीखालच्या खड्ड्यात पडला. तेलकट हात, दुसरं काय. चढउतार करून जीव मेटाकुटीला आला. पंप बसला, गाडी चालू झाली, आणि स्टिअरिंग होतं तसंच.

त्यानं ललितला फोन लावला. "जुना पंप रंगवून दिलास मला?"

ललित कतारगामहून धावत आला. वीस वर्षांचा घरोबा. येताना दाब मोजायचं मीटर घेऊन आला, जोडलं, काटा बघितला.

"दाब बरोबर आहे, छगनभाई. पंपात काही वांधो नाही. मी जरा बसून बघू?"

"काही बसू नकोस. तुझं मीटरही तुझ्यासारखंच."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"खोटं."

ललितनं मीटर पिशवीत घातलं. फाटकापर्यंत गेला, थांबला, मागे वळून म्हणाला, "तू दमलायस. घरी जाऊन झोप." छगन पुन्हा गाडीकडे वळला. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो माणूस त्याच्याकडून चहा न घेता गेला.

दमला होता हे खरं. हल्ली सगळंच जड झालं होतं. शटर वर जाताना अडायचं, जॅकचा दांडा गंजल्यासारखा वाटायचा. दोन महिने उकाडा कमी होत नव्हता, रात्री झोप लागत नव्हती. अशात अंग कुणाचं जड होत नाही?

आज सकाळपासून त्यानं पाइप सोडवून साफ केले, पुन्हा जोडले, आतली हवा काढली. दुपार झाली. मघाशी पुन्हा बसून फिरवलं, तर तेच.

"संस्थेच्या मॅडमचा फोन आला होता," योगेंद्र हळूच म्हणाला. "उद्या एका बाईला पाड्यावरून दवाखान्यात आणायचंय. तिचे दिवस भरलेत. गाडी नसेल तर..."

"अशी गाडी मी घाटात सोडणार नाही. त्या बाईसकट दरीत जाल. मॅडमना सांग, दुसरी गाडी बघा."

योगेंद्र फोन घेऊन रस्त्यावर गेला. छगन गाडीला टेकून उभा राहिला. गाडीपुढे हात टेकण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

सुंदरा, त्याची बायको, डबा घेऊन आली. त्याचं तोंड बघूनच तिनं डबा पुढे केला. "जेवी ल्या आधी," एवढंच म्हणाली. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. त्याच्यानं उघडेना, तेव्हा तिनंच ते उघडून दिलं. दोन घास खाऊन त्यानं हात धुतला.

आता एकच जागा बघायची राहिली होती. चाकांना जोडणारे दांडे कुठे आवळून बसले असतील, तर ते खालूनच दिसणार. पण ते बघायला वर कुणीतरी स्टिअरिंग फिरवायला हवं होतं, आणि योगेंद्र अजून रस्त्यावर फोनवर बोलत होता.

"सुंदरा, जरा गाडीत बस."

"मी? मला सायकलसुद्धा येत नाही."

"चालवायची नाहीये. ब्रेक ओढलाय, चाकांना दगड लावलेत. मी गाडी चालू करून देतो. सांगेन तेव्हा चाक फिरवायचं, बस्स. पण फार जड आहे, सांगून ठेवतो. दोन्ही हातांनी जीव खाऊन फिरव."

पदर खोचून ती वर चढली. गाडी चालू करून छगन खड्ड्यात उतरला, बॅटरीचा उजेड दांड्यांवर धरला आणि ओरडला, "हं, डावीकडे!"

पुढची चाकं डावीकडे वळली. सरळ, एका दमात, टोकापर्यंत.

"उजवीकडे!"

चाकं तशीच उजवीकडे गेली. कुठे अडलं नाही, कुठे कुरकुरलं नाही. छगन बघतच राहिला.

"पुन्हा डावीकडे!"

पुन्हा तसंच.

"सुंदरा," खालून त्याचा आवाज एकदम बारीक झाला, "खूप जोर लावावा लागतोय का गं? दोन्ही हातांनी फिरवतेस ना?"

"छे हो," वरून सुंदरा म्हणाली. "एकाच हातानं फिरवतेय. दुसऱ्या हातानं वारा घेतेय."