युद्धनौकेवरची फुलं

"मोठे साहेब पाहणीला येतायत. जहाजाला टायरचा एक जरी डाग लागला, तर तुमची टग उद्यापासून बंदरातला कचरा ओढेल!" युद्धनौकेच्या कप्तानांनी रेडिओवरून मला दम भरला.

आता आमची चिमुकली टगबोट त्या अवाढव्य जहाजाला नाकानेच ढकलत धक्क्याला लावणार, आणि तिच्या नाकावर जुने टायर बांधलेले. डाग पडणारच! घर जवळच होतं. बायको बाजारात गेलेली बघून मी तिची क्रोशाची चादर पलंगावरून ओढली आणि टायरांवर घट्ट गुंडाळली. दोन वर्षं खपून विणली होती तिने. जहाज अलगद पाण्यापलीकडच्या, आमच्या घरासमोरच्या धक्क्याला लागलं.

टग मागे घेतली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. करडा रंग सकाळीच मारला होता, अजून ओला होता, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. युद्धनौकेच्या अंगावर बशीएवढ्या फुलांच्या रांगा उमटल्या होत्या! लाँचमधून आलेले मोठे साहेब पोट धरून हसले. मग कप्तानांनाही हसावं लागलं.

नोकरी वाचली, पण घरी जायचं बाकी होतं. रंगाने कडक झालेली चादर काखोटीला मारून मी चोरासारखा आत शिरलो. बायकोने ती उलटसुलट पाहिली. मग ती माझी दुर्बीण घेऊन खिडकीशी गेली आणि बराच वेळ जहाज न्याहाळत राहिली.

"अहो, तिसऱ्या ओळीतलं एक फूल चुकलंय. कप्तानांना म्हणावं, पुन्हा रंग लावा. मी दुसरी चादर देते."