रजेचं कारण

रजेचं रजिस्टर सांभाळणाऱ्या गावंडे मॅडमच्या टेबलावर मी माझा रजेचा अर्ज ठेवला आणि उगाचच पेपरवेट त्याच्यावर सरकवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मानसोपचारतज्ज्ञांकडे तपासणी'. तेवढं लिहायला मला चार अर्ज फाडावे लागले होते.

दोन वर्षांपूर्वी मॅडमनीही हेच लिहिलं होतं. तेव्हा मी, त्यांचा अधीक्षक, अर्ज परत देत म्हणालो होतो, "असलं कागदावर नको हो. लोक वेडी म्हणतील. दाढदुखी लिहा." त्यांनी तसं लिहिलं. मग महिन्यातून दोन गुरुवार त्यांची दाढ दुखायची, आणि डबा खाताना सगळं ऑफिस त्यांच्या दाढा मोजायचं.

आता त्यांनी माझा अर्ज सावकाश वाचला.

"झोपच येत नाही," मी म्हणालो. "सहीच्या फायलीही उघडवत नाहीत. मॅडम, तेव्हा मी तुम्हाला..."

"राहू द्या, साहेब." रजेच्या रजिस्टरात त्यांनी कारण जसंच्या तसं उतरवलं. "डॉक्टर चांगले आहेत. फक्त पहिल्यांदा आत जायचा धीर होत नाही. मी तर पहिले दोन्ही गुरुवार त्यांच्या दारातूनच परत आले होते. गुरुवारी मीही येते तुमच्यासोबत."

मला मान वर करता येईना. त्या दोन्ही गुरुवारांनंतर, शुक्रवारी सकाळी त्या मस्टरवर सही करायला वाकल्या, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मीच विचारलं होतं, "काय मॅडम, काढली का दाढ?"