माठातला बर्फ

धावपटू सिद्धेश्वरी औषधं खाऊन पळते, अशी कुजबुज सोलापूरच्या भवानी पेठेत होती. आजच्या हार्मोन चाचणीनं तोंडं मिटणार होती. तपासणीला घरी आलेल्या मॅडमनी रक्त घेतलं; सीलबंद कुप्या शीतपेटीत ठेवून त्या हात धुवायला गेल्या. तेवढ्यात सिद्धेश्वरीच्या वडिलांनी, कुल्फी विकणाऱ्या गुरुलिंगअप्पांनी, कुल्फीच्या माठातला मीठ घातलेला बर्फ पेटीत ओतला. परतलेल्या मॅडम ओरडल्या, "अहो, हे काय केलंत?" "सोलापूरचं ऊन हाय, मॅडम. पोरीचं रक्त नासंल की!" "काका, मिठाच्या बर्फानं रक्त गोठेल, मग चाचणीच होणार नाही!" मॅडमनी भराभर बर्फ उपसला. पेटीवरचा तापमानाचा आकडा शून्याकडं घसरत होता. अप्पांचा चेहरा उतरला. याच बर्फावर त्यांनी पोर वाढवली होती. आकडा थांबला, हळूहळू चारवर आला. "वाचलं," मॅडम म्हणाल्या. सिद्धेश्वरीनं माठातली कुल्फी अप्पांच्या हातात ठेवली. "कुणी विचारलं तर सांगा, पोर हीच खाऊन पळती."