बुडातले फुटवे

"कलमी म्हणजे कलमी. आता आणखी चर्चा नको," ननंद म्हणाली आणि नर्सरीवाल्याच्या एकुलत्या एक खुर्चीवर ठिय्या देऊन बसली.

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. गुलाबाचं एक झाड घ्यायचं, तर त्यासाठी ही तिसरी खेप! दारापुढची जागा दोन पावलांची आणि वाद मात्र हायकोर्टाला लाजवेल असा.

"वन्सं, कलमी म्हणजे खाली रानटी मूळ आणि वर आपला गुलाब. वरचा मेला की रानटीच बोकाळतो. स्वतःच्या मुळावरचं झाड जमिनीपर्यंत वाळलं, तरी तेच पुन्हा फुटतं. जन्मभर टिकतं."

"आणि फूल?"

"भरभरून यायला तीन वर्षं," नर्सरीवाला म्हणाला. "कलमीला चार महिने. फक्त त्याच्या बुडातून रानटी फुटवे येतात. दिसला की काढायचा."

"ऐकलंस? मला अठ्ठ्याहत्तरावं सरलं. डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्यासमोरच म्हणाले ना? मला दारात बसून एक तरी फूल बघायचंय."

झालं! नऊ वर्षं दोघीच घरात, आणि प्रत्येक भांडणात बाईसाहेबांचा हा हुकमी पत्ता तयार. पण डॉक्टर खोटं बोलले नव्हते.

"द्या बाबा कलमी," ती म्हणाली.

दोन दिवसांनी नर्सरीवाला झाड लावून गेला.

"एवढंसंच?" वहिनीने विचारलं.

"धरेल हो," म्हणत तो सटकला.

मग दर रविवारी वहिनी गुडघे टेकून बसू लागली. बुडाशी फुटवा दिसला की काढ. एक काढावा, तर दुसरा हजर. कंबरेचा काटा ढिला झाला.

"फूल हवं यांना आणि घाम गाळायचा मी!"

"अगं, कशाला ओरबाडतेस त्याला?" ननंद खुर्चीतून म्हणायची. "वाढू दे की."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? गप्प बसा!"

आणि नवल म्हणजे ननंद गप्प बसायची.

चार महिने गेले, पाच गेले. फूल राहिलं बाजूला, झाड मुठीएवढं उरलं. ननंदेला आता दारापर्यंत यायलाही धाप लागत होती. वहिनीने फोन करून नर्सरीवाल्याला असं झापलं, की तो तासाभरात हजर झाला. वाकून बघितलं आणि त्याने कपाळाला हात लावला.

"फुटवे कोणी काढले?"

"मी. एकही सोडला नाही. तुम्हीच सांगितलंत ना?"

"अहो, ते कलमीचं सांगितलं होतं!" त्याने घरात डोकावून आवाज खाली आणला. "हे स्वतःच्या मुळावरचं आहे, याचे फुटवे म्हणजेच गुलाब. तुम्ही घरी पोहोचला असाल नसाल, तोच ताईंचा फोन आला. म्हणाल्या, 'माझं काय, मी चार दिवसांची. नंतर ती एकटी राहील, तिला हवं तेच लाव. आणि तिला सांगू नकोस. नाहीतर माझ्यासाठी परत कलमीच घेऊन येईल.'"