दसऱ्याचं तेल

मुश्ताकने डिझेलचा नळ बंद केला, तरी इंजिन बंद पडेना. पडणं तर दूरच, ते आणखी चेकाळलं. गिरणीचे पत्रे थडथडायला लागले, पट्टा सटासट उडायला लागला, आणि धान घेऊन आलेल्या बाया टोपल्या तिथेच टाकून बाहेर पळाल्या.

त्याने नळीच उपटून काढली. आता डिझेलचा थेंबही आत जात नव्हता, तरी चाक असं फिरत होतं की त्याचे आरे दिसेनात. उपाशी पोटी याच्यात एवढा जोर कुठून आला, हे मुश्ताकच्या डोक्यात शिरेना. त्याने हातातला पाना आपटला आणि इंजिनाला सणसणीत शिवी हासडली.

दारात गिरणीचे मालक गुणवंतराव उभे होते. आत पाऊल टाकायची छाती होत नव्हती, पण तोंड इंजिनाच्या वरताण चाललं होतं.

"काय करून ठेवलं बे तू? काल पूजेले नाई आला, तवाच मी समजलो! मनात पाप होतं तुह्या!"

हे बाहेरच्या बायांनीही ऐकलं. मुश्ताकच्या कानशिलात आग पेटली. इंग्रज गेले त्या साली हे इंजिन चांद्याहून बैलगाडीवर आलं, तेव्हा सोबत तोच आला होता. पहिल्याच हंगामात इंजिन सुरू करताना हँडलने उलटा झटका दिला आणि त्याचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. आत्ताही दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानेच इंजिन घासूनपुसून लख्ख केलं होतं. आणि 'पूजेत तुहं काम नाई, घरीच राह्य' असं सांगणारे हेच गुणवंतराव होते!

पण भांडायलाही उसंत नव्हती. चाक फुटलं असतं तर पत्रे सोडाच, माणसं उरली नसती. तेवढ्यात त्याचं लक्ष हवेच्या तोंडाकडे गेलं. इंजिन तिथून हपापल्यासारखी हवा ओढत होतं.

"पोतं द्या!" तो ओरडला.

"पोत्यात धान आहे! सांडशील!" गुणवंतराव ओरडले.

खुंटीवर गुणवंतरावांचा दसऱ्याचा नवा कोट होता. मुश्ताकने तो ओढला, बोळा केला आणि दोन्ही हातांनी हवेच्या तोंडात कोंबला. इंजिनाने आचके दिले, भक्कन काळा धूर ओकला आणि ते गपकन बंद पडलं.

आता गुणवंतराव आत आले. आधी त्यांनी कोटाकडे पाहिलं, मग मुश्ताककडे.

"चालता हो. माहं इंजिन नासवाले बसला तू. कोन्या गिरणीत उभा राह्यतं, पाह्यतोच मी. साऱ्याइले सांगतो."

सांगितलं असतं, यात शंका नव्हती. आणि मग पार ब्रह्मपुरीपर्यंत मुश्ताकच्या हाती कुणी पानासुद्धा दिला नसता.

मुश्ताकने कोट उपसून काढला. त्यातून तेल निथळत होतं. धान घेऊन आलेल्या शकुबाईने दारातूनच नाक वर केलं.

"अगं माय! हे त टोळीचं तेल!"

मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल. त्याचा वास तिथे कुणाला शिकवावा लागत नाही. घरोघरी दिव्यात तेच आणि कढईतही तेच. मुश्ताकने हवेच्या तोंडाखालचं भांडं उघडलं. धूळ अडकावी म्हणून त्यात तळाला थोडं तेल घालायचं असतं, खुणेच्या वर नाही. आज ते काठोकाठ भरलेलं होतं. इंजिन हवेबरोबर तेच पीत होतं आणि त्याच्याच जोरावर धावत होतं.

"कोनं भरलं हे?" मुश्ताक गरजला.

"मीनं भरलं," बाहेरच्या ओट्यावरून आवाज आला. गुणवंतरावांच्या म्हाताऱ्या आई, रुखमाबाई, तिथे बसल्या होत्या. "पोळ्याले बैलाले पोटभर चारतो, मंग दसऱ्याले ह्यालेच उपाशी ठेवाचं का? मुश्ताक त्याच भांड्यात तेल घालते, मी पाह्यते ना रोज. काल थो नोता, त मीच घातलं."

गुणवंतराव हसायला लागले. ते हसू पाहून मुश्ताकला त्यांची मान धरावीशी वाटली.

"मायच्या हातून झालं," गुणवंतराव म्हणाले. "जाऊ दे. पूस अन् लाव इंजिन."

"अन् मले जे बोलले, थे?"

"रागात बोलते माणूस."

"पन तू काल आला काऊन नाई रे?" रुखमाबाईंनी मधेच विचारलं. "पान वाढून ठेवलं होतं तुह्यासाठी. माहा पोरगा म्हणे, मुश्ताक यावाले तयार नाई."

बायांनी एकदा गुणवंतरावांकडे पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं.

मुश्ताकचा राग आता ओरडण्यापलीकडे गेला होता. त्याने भांडं रिकामं करून पुसलं, नळी जोडली, नळ उघडला. मग तेलाने थबथबलेला कोट गुणवंतरावांच्या खांद्यावर टाकला, भिंतीशी ठेवलेलं हँडल उचलून त्यांच्या हातात दिलं, आणि बाहेर जाऊन ओट्यावर म्हातारीच्या शेजारी बसला.

गुणवंतराव हँडल धरून तिथेच उभे राहिले. त्यांची नजर मुश्ताकच्या वाकड्या मनगटावर गेली आणि तिथून हलेना.

शकुबाईने आपली टोपली पुन्हा कमरेवर घेतली आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"फिरवा ना भाऊ," ती म्हणाली. "धान खोळंबून राह्यलं."