झाकणाखालचा वास

सूनबाईचा प्रयोग साधला, तर तिची नोकरी कायम होणार होती. झाकणबंद ट्रेमध्ये मधोमध औषधी पानं आणि भोवती, त्यांना न शिवता, ओल्या कापसावर तणाचं बी. पानांच्या नुसत्या वासाने तण मारून दाखवायचं होतं आणि अजून एकही बी उगवलं नव्हतं.

सासऱ्यांनी मात्र ट्रेमधला रिकामा कोपरा बघून सासूबाईंच्या मागे उरलेलं सूर्यफुलाचं शेवटचं बी तिथेच रुजत घातलं होतं. तेही निपचित.

"बाबा, विचारायचं तरी!"

"वासाला कोण भितं, म्हटलं! आता सोमवारी तुझे साहेब बघून जाऊ देत, मग काढ झाकण; आधी उघडलंस तर वास उडेल."

"तोवर आईंचं बी कुजेल," म्हणत तिने झाकण काढलंच.

वास उडाला आणि सोमवारच्या आत, मेलेलं वाटणारं बी न् बी डोळे चोळत उठलं. दोघं थक्क होऊन बघत बसले. सूर्यफूल सासऱ्यांना मिळालं, जीवदान तणाला. नोकरी तेवढी सूनबाईची गेली.